पेन्सिलीची नोंद, शाईची नोंद

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मोझरी मागे टाकली की तिवसा लागते. पूर्वेस वर्धा नदीची हद्द, तिच्या काठी रुक्मिणीचे माहेर म्हणून पुराणप्रसिद्ध असलेले कौंडण्यपूर, आणि हमरस्त्यावरच राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम, अशी दोन स्थाने या तालुक्याच्या वाट्यास आल्यामुळे त्याच्याविषयी जे लेखन होते ते बहुधा पुराणाकडे किंवा संतचरित्राकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु कपाशी, तूर आणि संत्रा यांवर ज्याचा संसार उभा आहे अशा इथल्या शेतकऱ्याच्या आयुष्याशी ज्याचा संबंध जन्मापासून वारसनोंदीपर्यंत तुटत नाही, ते तहसिलीतील दप्तर मात्र इतिहासलेखकांच्या दृष्टीबाहेर राहिले आहे. हे दप्तर कापडाच्या बस्त्यातून निघून सर्व्हरच्या तबकड्यांवर कसे गेले, आणि जाताना त्याने आपल्याबरोबर एक फार जुना प्रश्न कसा नेला, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

तो प्रश्न असा: नोंद स्वीकारली गेली हा एक क्षण, आणि नोंद कायम झाली हा दुसरा क्षण, या दोहोंच्या मध्ये जो काळ जातो त्या काळात ती नोंद कोणाच्या भरवशावर असते? जमीनमहसुलाच्या कारभाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके शोधले, त्यासाठी कायदे केले, नमुने आखले, मुदती घातल्या; आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणक घडविणाऱ्या अभियंत्यांपुढे, त्यांना वऱ्हाडचे नावही ठाऊक नसताना, नेमका हाच प्रश्न उभा राहिला.

वऱ्हाड 1596 साली अकबराच्या साम्राज्यात आले व मोगलांचा एक सुभा झाले. तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, गावचा हिशेब गावात पटवाऱ्याकडे आणि परगण्याचा हिशेब देशपांड्याकडे अशी दुहेरी व्यवस्था या मुलखात होती. पाटलाने वसूल करावा, पटवाऱ्याने लिहावा, देशमुखाने परगण्यावर नजर ठेवावी आणि देशपांड्याने गावोगावच्या कागदांशी आपल्या कागदांची रुजुवात घालावी, अशी ही रचना असल्यामुळे एका ठिकाणचे दप्तर आगीत गेले, वाळवीने खाल्ले किंवा कोणी बुद्ध्या फिरविले, तरी दुसऱ्या ठिकाणच्या लेखावरून सत्य उभे करता येत असे. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली वऱ्हाडावर बसली तेव्हा रयतेच्या हालांना सीमा राहिली नाही हे खरे; पण एकाच गावाच्या वसुलात दोन धनी वाटेकरी झाल्याने कागदांवरची तपासणीही दुहेरी झाली. 1803 साली अडगाव व गाविलगड येथील पराभवांनंतर देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख स्थूलमानाने सोडला आणि तिवस्याच्या पूर्वेची ही नदी दोन राज्यांची सीमा ठरली. या सीमेचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागणार आहे.

मराठी राज्याच्या हिशेबपद्धतीत याहूनही सूक्ष्म असा एक विवेक होता. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहावयाचे, आणि मग सवडीने, खातेवार लावून, खतावणीत न्यावयाचे. रोजकीर्द क्रमाला बांधलेली, खतावणी विषयाला बांधलेली. खतावणी बिघडली तर रोजकीर्दीवरून ती पुन्हा लिहिता येते, परंतु रोजकीर्द हरवली तर खतावणीचा आधारच जातो. म्हणून कारकुनाने आधी रोजकीर्द लिहिल्याशिवाय खतावणीला हात लावू नये, हा नियम. पुण्याच्या पेशवे दप्तरातील हजारो रुमालांतून या रोजकीर्दी आजही बांधून ठेवलेल्या आहेत, आणि रियासतकार सरदेसाई यांनी 1930 नंतरच्या चार वर्षांत त्या दप्तरातून वेचून जे 45 खंड छापून काढले, त्यांवरून या लेखनशिस्तीचे सामर्थ्य कोणाच्याही ध्यानात यावे.

1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले आणि 1861 पासून येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. प्रत्येक वावराला सर्व्हे नंबर, प्रत्येक धुऱ्याला निशाणी, प्रत्येक नंबराला आकार. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. 1867 पर्यंत रेल्वे बडनेऱ्यावरून नागपुरास पोचली. जमिनीला किंमत आली, तशी ती गहाण पडू लागली, विकली जाऊ लागली, सावकाराकडे जाऊ लागली. आणि पूर्वी पिढीतून एकदा बदलणारी नोंद आता वरचेवर बदलू लागली. दप्तराचा खरा भार येथून वाढला. कागद किती साठले आहेत याहून कागदांवरचे लेख किती वेगाने बदलत आहेत, हा प्रश्न कारभाराला जड जातो. आणि सर्व्हरची सगळी कथा याच एका वाक्यात सामावलेली आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

देश स्वतंत्र झाला, वऱ्हाड मध्यप्रदेशातून 1956 साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात आले, आणि 15 ऑगस्ट 1967 पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. या संहितेच्या 149 व 150 या कलमांत फेरफाराची जी रीत घालून दिली आहे ती मला आपल्या कारभारातील अत्यंत विचारपूर्वक रचलेल्या गोष्टींपैकी एक वाटते. कोणी जमीन घेतली, वाटणी झाली, वारस लागला, बँकेचा बोजा चढला, की त्याची वर्दी तलाठ्याकडे, म्हणजे आमच्याकडील लोकांच्या तोंडी अजून पटवाऱ्याकडे, यावयाची; त्याने ती गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार रजिस्टरात, पुढचा क्रमांक देऊन लिहावयाची; चावडीवर नोटीस लावावयाची; हितसंबंधितांना कळवावयाचे; हरकतीसाठी 15 दिवस थांबावयाचे; हरकत आलीच तर तक्रारी नोंदींच्या वहीत ती वेगळी काढावयाची; आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली म्हणजेच सातबाऱ्यावर तिचा अंमल द्यावयाचा.

या मधल्या दिवसांत सातबाऱ्याचे काय? हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात तलाठी फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर पेन्सिलीने टिपून ठेवीत असे. कोणी त्या मुदतीत नक्कल मागितली तर या गटावर काहीतरी चालू आहे हे पाहणाऱ्यास कळावे, पण जे अद्याप ठरलेले नाही ते ठरल्यासारखे दिसू नये, असा त्या पेन्सिलीचा दुहेरी हेतू. नोंद मंजूर झाली की पेन्सिलीच्या जागी शाई येई आणि जुन्या खातेदाराच्या नावाला कंस पडे. नामंजूर झाली तर पेन्सिलीची टीप पुसली जाई व मूळ लेख अबाधित राहत असे. जुने नाव खोडावयाचे नाही, कंसात ठेवावयाचे. स्वीकारलेले आणि कायम झालेले यांतील भेद डोळ्यांना दिसेल अशा रीतीने कागदावरच दाखविणारी ही पद्धत ज्यांनी रूढ केली त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत, परंतु त्यांच्याविषयी मला मोठा आदर वाटतो.

आता नदीच्या पलीकडे जावयाचे. केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना 1988-89 साली प्रायोगिक स्वरूपात हाती घेतली तेव्हा सबंध देशातून आठ जिल्हे निवडले गेले, आणि महाराष्ट्रातून निवड झाली ती वर्धा जिल्ह्याची. तिवसा तालुक्याच्या शिवेवरून पलीकडचा तीर दिसतो तो याच जिल्ह्याचा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जिल्ह्याजिल्ह्यांत बसविलेले संगणक, त्यांना जोडणारे उपग्रहीय जाळे, आणि सातबाऱ्याची एकेक ओळ त्यांत भरणारे कर्मचारी, असे ते दृश्य होते. पुढे ही योजना पसरत अमरावती जिल्ह्यातही आली. आरंभीच्या व्यवस्थेत त्या त्या तालुक्याची माहिती त्या त्या तहसिलीतील सर्व्हरवर असे. पेटीएवढे ते यंत्र, त्याच्या शेजारी यूपीएस, आणि त्याच्या आत फिरणाऱ्या तबकड्यांवर अख्ख्या तालुक्याचे वावर.

या तबकड्यांचा जन्म 1956 चा. आयबीएम कंपनीने त्या वर्षी बाजारात आणलेल्या रॅमॅक यंत्राच्या साठवणघटकात दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या एकावर एक बसविलेल्या होत्या आणि त्या सगळ्या मिळून 50 लाख अक्षरे मावत. तेव्हापासून तबकड्या लहान झाल्या, त्यांची क्षमता कल्पनेपलीकडे वाढली, परंतु त्यांचा मूळ स्वभाव बदलला नाही: तबकडी फिरली पाहिजे, वाचणारा दांडा योग्य वर्तुळावर सरकला पाहिजे, आणि हवी ती जागा दांड्याच्या टोकाखाली येईपर्यंत थांबले पाहिजे. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागांपैकी सुमारे आठ भाग. माणसाला हा काळ जाणवणारही नाही. पण प्रोसेसरची स्मृती याच्या हजारो पटींनी चपळ असल्यामुळे यंत्राच्या मापाने ही प्रतीक्षा युगासारखी ठरते. वर जे म्हटले की साठ्यापेक्षा फेरबदलाचा वेग जड जातो, ते या कारणाने.

यावर तोड निघाली ती मधल्या स्मृतीची. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी 1965 साली एका छोट्या निबंधात अशी कल्पना मांडली की मोठ्या आणि मंद स्मृतीच्या पुढे एक छोटी, चपळ स्मृती ठेवावी आणि वरचेवर लागणारा मजकूर तिच्यात आपोआप राहावा. 1968 साली आयबीएमच्या सिस्टिम/360 मालिकेतील 85 क्रमांकाच्या यंत्रात ती विक्रीस आली, आणि तेव्हापासून तिला कॅशे हे नाव मिळाले. हीच युक्ती तबकड्यांसाठी वापरावी, आणि तीही मुख्य संगणकात न वापरता तबकड्यांचा कारभार पाहणाऱ्या कंट्रोलरमध्ये वापरावी, असे आयबीएमने 1981 च्या सुमारास केले. वाचनापुरते यात भय काहीच नव्हते. सातबाऱ्याची नक्कल मधल्या स्मृतीतून दिली काय किंवा तबकडीवरून दिली काय, मूळ लेख जागच्या जागी असतो. वीज गेली तर नक्कल जाते, मूळ जात नाही.

लेखनाचे तसे नाही. संगणकाने कंट्रोलरकडे एक नवी नोंद दिली. कंट्रोलरने ती आधी तबकडीवर उतरविली आणि मगच ‘झाले’ असे उत्तर दिले, तर त्या पद्धतीला राइट-थ्रू म्हणतात. ती निर्धोक, पण मंद. उलट कंट्रोलरने नोंद आपल्या मधल्या स्मृतीत घेतली, लगेच ‘झाले’ म्हणून कळविले, आणि तबकडीवर सवडीने, जवळजवळच्या नोंदी एकत्र करून, सोयीच्या क्रमाने उतरविली, तर ती राइट-बॅक. हिच्यात वेग अनेक पटींनी वाढतो. परंतु ‘झाले’ म्हटल्यापासून तबकडीवर उतरेपर्यंतच्या अवधीत ती नोंद पेन्सिलीचीही नसते, ती हवेत असते. वीज गेली की ती गेली, आणि गेल्याचे कोणाला कळतही नाही, कारण ज्याने ती दिली होती त्याला ‘झाले’ असे उत्तर केव्हाच मिळालेले असते. तलाठ्याची पेन्सील आपण अपुरी आहोत हे सांगत असे. कंट्रोलरची स्मृती अपुऱ्या लेखाला पुऱ्याचे प्रमाणपत्र देते, आणि धोका नेमका येथे आहे.

आयबीएमने 1987 साली 3990 या कंट्रोलरच्या तिसऱ्या नमुन्यात याचे जे उत्तर दिले ते पुढे साऱ्या जगाने उचलले. लेखनासाठी त्यांनी कॅशेच्या जोडीला विजेरीवर जिवंत राहणारी एक वेगळी स्मृती ठेवली, आणि नवी नोंद या दोन्ही ठिकाणी पोचल्याशिवाय ‘झाले’ म्हणावयाचे नाही असा नियम केला. वीज गेली तरी बॅटरीच्या आधारे ती स्मृती तग धरील, आणि वीज परत आल्यावर राहिलेले लेखन तबकडीवर उतरेल. देशपांड्याने दुसरी प्रत का ठेवावयाची याचे कारण आणि या दुहेरी स्मृतीचे कारण एकच आहे. नव्वदच्या दशकात लहान सर्व्हरांच्या कंट्रोलर कार्डांवरही अशा बॅटऱ्या आल्या, आणि 2010 च्या सुमारास बॅटरीऐवजी मोठे कपॅसिटर व फ्लॅश स्मृती यांची जोडी आली, जिच्यात वीज जाताच कपॅसिटरमधील शिलकी शक्तीवर सारा मजकूर फ्लॅशमध्ये उतरतो आणि मग तो कितीही दिवस टिकतो.

3990 च्या पाठोपाठ, 1988 साली, म्हणजे वर्ध्याचा प्रयोग सुरू होत असतानाच, बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनी स्वस्त तबकड्यांच्या समूहाविषयीचा तो विख्यात निबंध वाचला, ज्यातून रेड ही व्यवस्था रूढ झाली. एक तबकडी बिघडली तरी बाकीच्यांवरून तिचा मजकूर पुन्हा उभा करता यावा, हे तिचे सूत्र. तिच्या पाचव्या प्रकारात त्यासाठी मजकुराबरोबर त्याची पडताळ-बेरीजही ठेवतात, आणि म्हणून प्रत्येक लहान लेखनासाठी चार कामे करावी लागतात: जुना मजकूर वाचावयाचा, जुनी पडताळ-बेरीज वाचावयाची, नवा मजकूर लिहावयाचा, नवी पडताळ-बेरीज लिहावयाची. यांपैकी तिसरे काम झाले आणि चौथे होण्याच्या आत वीज गेली, तर मजकूर आणि बेरीज यांचा मेळ बसत नाही, आणि पुढे महिन्यांनी एखादी तबकडी बिघडली की त्या चुकीच्या बेरजेवरून चुकीचाच मजकूर उभा राहतो. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि आठ-अ या खातेउताऱ्यावरची बेरीज यांचा मेळ का घालावयाचा हे ज्याने एकदा समजून घेतले त्याला हा धोका निराळा समजावून सांगावा लागणार नाही. बॅटरीच्या आधारावरील कॅशे ही फट बुजविते, कारण अर्धवट राहिलेले काम तिला आठवत असते. म्हणून ज्या कार्यालयात रेड आहे पण बॅटरी नाही, त्या कार्यालयाने आपण सुरक्षित आहोत असे मानू नये.

या विषयाशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र वारंवार सुटते. ‘झाले’ म्हणणारा कंट्रोलर हा एकटाच नव्हे. त्याच्या वर संचालन प्रणालीची स्वतःची कॅशे असते. लिनक्समध्ये तर लिहिलेले पान, कोणी आग्रह धरला नाही तर, साधारण 30 सेकंदांपर्यंत मुख्य स्मृतीतच राहू शकते. त्याच्या खाली प्रत्येक तबकडीची स्वतःची छोटी कॅशे असते, जिला कंट्रोलरवरील बॅटरीचा काडीचा उपयोग नाही, आणि म्हणून जाणकार व्यवस्थापक ती बंद ठेवतात. मधल्या प्रत्येक पायरीवर एकेक कारकून बसलेला असून प्रत्येक जण खालच्याने काम पुरे केले की नाही हे न पाहता वरच्याला पोच देतो, अशी ही अवस्था होऊ शकते. ती होऊ नये म्हणून माहितीकोशाच्या शास्त्रात रोजकीर्दीचाच नियम आला: बदल आधी क्रमवार नोंदवहीत लिहावयाचा, ती नोंदवही खरोखर कायम जागी पोचली याची खात्री करून घ्यावयाची, आणि मगच मूळ तक्त्याला हात लावावयाचा. आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करणारे मूळचे भारतीय संशोधक सी. मोहन व त्यांचे सहकारी यांनी 1992 साली या शिस्तीची जी सविस्तर मांडणी प्रसिद्ध केली ती आजच्या बहुतेक मोठ्या माहितीकोशांच्या पायाशी आहे. फेरफाराचे रजिस्टर आधी आणि सातबारा नंतर, हा आपला क्रम यंत्रशास्त्राने अशा रीतीने स्वतंत्रपणे सिद्ध केला.

वऱ्हाडात या यंत्रांना ज्या दोन गोष्टींशी झगडावे लागले त्या म्हणजे ऊन आणि वीज. एप्रिल-मे महिन्यांत अमरावती-अकोल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, हे सांगावयास नको. लिथियमची बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. तिची धारणशक्ती उतरली की कंट्रोलर ते ओळखतो आणि स्वतःहून राइट-बॅक सोडून राइट-थ्रूवर येतो. मजकुराच्या दृष्टीने हे योग्यच. पण बाहेरून पाहणाऱ्याला एवढेच दिसते की काल चालणारा सर्व्हर आज रांगतो आहे. बॅटरीची ठरावीक काळाने पूर्ण उतरवून पुन्हा भरण्याची जी चाचणी असते तिच्या वेळीही असेच होते. अशा वेळी वेगाचा तगादा लागलेला व्यवस्थापक, बॅटरी नसतानाही राइट-बॅक चालू ठेवण्याची जी सोय कंट्रोलरमध्ये असते, तिचा आश्रय करतो आणि सर्व्हर पुन्हा धावू लागतो. ही सोय वापरणे म्हणजे रयतेची नोंद तिला न विचारता जुगारात लावणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे. यूपीएस आहे, मग काळजी कशाची, असे म्हटले जाते; परंतु यूपीएस बाहेरची वीज गेल्यावर उपयोगी पडते, सर्व्हरच्या आतला वीजपुरवठ्याचा घटक जळाला किंवा कोणाच्या पायात अडकून तार निघाली तर नाही. आणि या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने जे दीर्घ भारनियमन सोसले, त्या तासांत यूपीएसच्या बॅटऱ्याही किती तग धरू शकत होत्या, हे ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना ठाऊक आहे.

पुढे तालुक्यातालुक्यांतील माहिती एकत्र करून ती मध्यवर्ती ठिकाणी ठेवण्याचा निर्णय झाला आणि ई-फेरफार प्रणाली आली. तालुक्याच्या सर्व्हरवरील कंट्रोलर व त्याची बॅटरी यांची चिंता स्थानिक कचेरीतून गेली, परंतु तिच्या जागी दुसरे हाल आले. साऱ्या राज्याचे फेरबदल एका ठिकाणी येऊ लागल्यावर दिवसा यंत्र मंदावू लागले, आणि राज्यभर अनेक तलाठी रात्री जागून, जाळ्यावरची गर्दी ओसरल्यावर, नोंदी करीत असल्याचे सर्वांनी पाहिले. ‘सर्व्हर डाऊन’ हा शब्दप्रयोग गावच्या पारावर रूढ झाला तो याच काळात. ज्या तलाठ्यांनी तेव्हा रात्री काढल्या त्यांच्या कष्टांची नोंद कोणत्याही नमुन्यात नाही, म्हणून ती येथे करतो.

हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा यांतील तफावती काढण्यासाठी 2017 साली राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. गाव जमवायचे, लेख मोठ्याने वाचायचे, ज्याचे चुकले त्याने तेथेच सांगायचे, ही रीत किती जुनी आहे! तबकड्या, कॅशे आणि पडताळ-बेरजा यांच्या युगात शेवटची रुजुवात खातेदाराच्या कानावर सोपविली गेली, याचे मला कौतुक वाटते, कारण यंत्र मजकूर जसा दिला तसा राखील. मुळात चुकलेला मजकूर मात्र ते तितक्याच निष्ठेने राखील. त्यानंतर 1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला आणि नकलेसाठी तिवस्यास खेपा घालण्याचे कारण बहुतांशी उरले नाही.

या साऱ्या शास्त्रात मराठी मुलखाचा वाटा केवळ वापरणाऱ्याचा नाही, हेही सांगितले पाहिजे. व्हेरिटास या साठवणव्यवस्थेच्या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनीचे मोठे संशोधनकेंद्र पुण्यात उभे राहिले, आणि जगभरच्या सर्व्हरांवर चालणाऱ्या फाइलप्रणालींचे व तबकडी-व्यवस्थापनाचे काम तेथे मराठी तरुणांच्या हातांनी झाले. त्याच परंपरेतून 2008 साली पुण्यातच ड्रुवा ही माहितीचे संरक्षण करणारी कंपनी निघाली. ज्या शहरात पेशव्यांचे दप्तर आहे आणि ज्या शहरात जमाबंदी आयुक्तांची कचेरी आहे, त्याच शहरात हे घडले.

आता दोन विनंत्या. पहिली, ज्यांच्या ताब्यात आजचे दप्तर आहे त्यांना. कंट्रोलर घेताना त्याच्या कॅशेचे आकारमान जसे विचारता तशी त्याच्या बॅटरीची किंवा कपॅसिटरची अवस्था विचारा, तिची तपासणी महसुली वर्षाच्या इतर तपासण्यांबरोबर लेखी करा, आणि राखून ठेवलेल्या प्रतींवरून मजकूर खरोखर उभा राहतो की नाही हे वर्षातून एकदा प्रत्यक्ष करून पाहा; जी प्रत कधी उघडून पाहिली नाही तिला प्रत म्हणू नये. त्याचबरोबर हस्तलिखित फेरफार रजिस्टरे आणि जुने सातबारे स्कॅन झाले म्हणून अडगळीत टाकू नका. कंस, खाडाखोड, पेन्सिलीची पुसट टीप, कोणत्या शाईने कोणत्या हाताने लिहिले हे त्या कागदांवरच कळते, आणि वादाच्या वेळी तेच कामास येते.

दुसरी विनंती वाचकाला. संहितेच्या 157 व्या कलमाप्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद आणि फेरफार रजिस्टरातील प्रमाणित नोंद ही, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीरपणे बदलली जाईपर्यंत, खरी मानली जाते. तेव्हा खरेदी, वाटणी किंवा वारस यांची वर्दी दिली आणि पोच मिळाली एवढ्यावर घरी जाऊ नका. फेरफाराचा क्रमांक लिहून घ्या, मुदत संपल्यावर तो प्रमाणित झाला का ते विचारा, आणि सातबाऱ्यावर त्याचा अंमल आलेला स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्या.